रात्री बाराची गाडी नेमकी कोणत्या दिवसाची? १२ तासांचं घड्याळ बरं की २४ तासांचं, समजून घ्या

समजा, तिकिटावर लिहिलंय: तारीख १५, गाडी सुटण्याची वेळ ००:२०. घरच्यांनी १५ तारखेला दिवसभर आवराआवर केली. गुरांची सोय शेजाऱ्यांकडे लावली, दशम्या बांधल्या, जीप ठरवली आणि रात्री दहाला सगळे स्टेशनावर हजर. गाडी रात्री बारा वीसला, म्हणजे अजून दोन तास वेळ आहे, म्हणून निवांत बसले. तिकीट तपासणाऱ्याला दाखवलं तर तो म्हणाला, "काका, ही गाडी काल रात्रीच गेली."

काल रात्री, म्हणजे १४ तारखेची रात्र संपून १५ लागली, त्यानंतर वीस मिनिटांनी. घरचे स्टेशनावर पोहोचले त्याच्या २१ तास ४० मिनिटं आधी. तिकीट खरं होतं, तारीख खरी होती, वेळही खरी होती. चुकला तो फक्त वाचण्यातला हिशोब. आणि गाडी सुटून गेल्यावर तिकिटाचे पैसे परत मिळण्याची आशा जवळपास नसतेच.

पंढरपूरला, मुंबईला किंवा दवाखान्याच्या कामासाठी पुण्याला जाणाऱ्या कितीतरी लोकांची अशी फसगत होते. शिकलेल्यांचीही होते. कारण आपण बोलतो एका घड्याळात आणि रेल्वे, पोलीस, दवाखाना, बँक आणि आता मोबाईल लिहितात दुसऱ्या घड्याळात. १२ तासांचं बरं की २४ तासांचं, हा वाद पारावर रंगतो, घरात आजोबा आणि नातवातही होतो. दोघांचंही म्हणणं थोडं थोडं बरोबर आहे. पण आधी दोन्ही घड्याळं नीट समजून घेऊ.

दोन घड्याळं, दिवस एकच

दिवस आणि रात्र मिळून २४ तास. याबद्दल वाद नाही. वाद आहे तो हे २४ तास मोजायचे कसे याचा.

१२ तासांच्या पद्धतीत काटा दिवसातून दोनदा फिरतो. मध्यरात्री बारापासून दुपारी बारापर्यंत एक फेरी आणि दुपारी बारापासून मध्यरात्री बारापर्यंत दुसरी. म्हणजे सात रोज दोनदा वाजतात. कोणते सात हे कळावं म्हणून पहिल्या फेरीला एएम आणि दुसऱ्या फेरीला पीएम लावतात. ही लॅटिन भाषेतली अक्षरं आहेत. एएम म्हणजे मध्यान्हाच्या आधी, पीएम म्हणजे मध्यान्हाच्या नंतर. मध्यान्ह म्हणजे सूर्य डोक्यावर येतो ती वेळ.

२४ तासांच्या पद्धतीत दिवस मध्यरात्री ००:०० ला सुरू होतो आणि मोजणी न थांबता २३:५९ पर्यंत जाते. दुपारी एक वाजले की १३:००, दोनला १४:००, संध्याकाळी सहाला १८:००, रात्री दहाला २२:००. एएम नाही, पीएम नाही. प्रत्येक आकडा दिवसातून एकदाच येतो. सगळ्याचे ‘तीन तेरा वाजले’ असं आपण म्हणतो, रेल्वेच्या घड्याळात मात्र रोजच तेरा वाजतात.

चोवीस तासांची वेळ कशी वाचायची?

नियम सोपा आहे. पहिला आकडा १३ किंवा त्याहून मोठा दिसला की त्यातून १२ वजा करा. १५:४० मधून १२ गेले की ३:४०, म्हणजे दुपारचे तीन चाळीस. १९:३० म्हणजे संध्याकाळचे साडेसात. २१:१५ म्हणजे रात्रीचे सव्वानऊ.

वजाबाकी जड जात असेल तर १३ ते १९ साठी एक युक्ती आहे. शेवटच्या आकड्यातून दोन काढा. १४ मधल्या चारातून दोन गेले, दुपारचे दोन. १७ मधल्या सातातून दोन गेले, संध्याकाळचे पाच. १९ मधल्या नवातून दोन गेले, सात. पुढचे चारच उरतात, ते पाठच करावेत: २० म्हणजे आठ, २१ म्हणजे नऊ, २२ म्हणजे दहा, २३ म्हणजे अकरा.

०१ ते ११ जसेच्या तसे वाचायचे, फक्त ते दुपारच्या आधीचे. ०४:३० म्हणजे पहाटेचे साडेचार. १२:१५ म्हणजे दुपारचे सव्वाबारा. आणि पुढे दोन शून्यं दिसली, म्हणजे ००:०५, ००:२०, ००:४५ असं काही दिसलं, तर सावध व्हायचं. ती मध्यरात्रीनंतरची वेळ आहे आणि तारीख नुकतीच बदललेली आहे.

तारीख कधी बदलते? खरी गोम इथेच आहे

आपल्याकडे दिवस उजाडतो तो सूर्योदयाला. पंचांगात वार सूर्योदयापासून मोजतात. सण, उपवास, एकादशी सगळं त्यावर चालतं. रात्री एक वाजता कुणी जागं असलं तर त्याच्या मनात अजून आजचाच दिवस चालू असतो. झोपून उठल्याशिवाय ‘उद्या’ होत नाही. शुक्रवारी रात्री एक वाजता किर्तन संपलं असं आपण म्हणतो. ते बोलणं चुकीचं नाही, ती आपली पद्धत आहे.

पण सरकारी कागदावर रात्री बारा वाजले की शुक्रवार संपला. एक वाजता शनिवार लागून एक तास झालेला असतो. म्हणून आपण ज्याला ‘शुक्रवारी रात्रीची एकची गाडी’ म्हणतो, ती तिकिटावर शनिवारची ०१:०० असते. तिकीट काढून देणाऱ्याला ‘शुक्रवारची रात्रीची गाडी’ एवढंच सांगितलं तर तो शुक्रवारची ०१:०० ची गाडी काढेल आणि आपण २४ तास उशिरा पोहोचू.

गंमत अशी की घरातल्या पोराटोरांना हा हिशोब चांगला कळतो. रोजच्या दीड-दोन जीबी नेटचा पॅक संपला की रात्री बारा वाजायची वाट बघत बसतात. बारा वाजले की नवा दिवस, नवा डेटा. आजोबांचा दिवस कोंबड्याबरोबर उगवतो, नातवाचा रिचार्जबरोबर.

जन्माच्या दाखल्यातही हेच होतं. ३१ तारखेच्या रात्री बारा वाजून वीस मिनिटांनी बाळ झालं तर घरच्यांच्या बोलण्यात ते ‘३१ च्या रात्री’ झालेलं असतं, दाखल्यावर मात्र पुढच्या महिन्याची १ तारीख येते. शाळेच्या प्रवेशाचं वय दाखल्यावरच्या तारखेवरून मोजतात, आजीच्या आठवणीवरून नाही. म्हणून दवाखान्यात जन्माची वेळ कागदावर काय लिहिली हे तिथेच बघून घ्यावं. पत्रिका करायची असेल तरी ज्योतिषाला नुसती ‘रात्री’ सांगून चालत नाही.

रेल्वेचा आणखी एक गुंता: तत्काळ

लांबच्या गाडीत तारखेचा घोळ दुहेरी होतो. समजा, गाडी १४ तारखेला रात्री १० ला मूळ स्टेशनवरून निघाली आणि आपल्या स्टेशनवर ०२:३० ला आली. आपल्यासाठी ती १५ तारखेची गाडी. तिकिटावर आपल्या चढण्याची तारीख १५ च येईल.

पण तत्काळ तिकीट उघडतं ते गाडी मूळ स्टेशनवरून सुटण्याच्या तारखेच्या एक दिवस आधी. एसी डब्यासाठी सकाळी १० वाजता, बिगर एसीसाठी ११ वाजता. वरच्या उदाहरणात गाडी १४ ला निघते, म्हणजे तत्काळ १३ तारखेला उघडणार. आपण ‘१५ चा प्रवास, म्हणून १४ ला सकाळी बसू’ असं धरलं तर तोवर जागा संपून गेलेल्या असतात. मध्यरात्रीनंतर आपल्या स्टेशनवर येणाऱ्या गाडीचं तत्काळ काढायचं असेल तर ती मूळ स्टेशनवरून कोणत्या तारखेला निघते हे आधी बघा.

लाईटची पाळी आणि रात्रीचं दारं धरणं

रेल्वेने वर्षातून एकदा जाणं होतं. मोटारीची लाईट मात्र रोजचा प्रश्न. शेतीच्या फीडरला थ्री फेज बऱ्याच ठिकाणी आठच तास मिळते, तीही आठवड्यात काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. हे वेळापत्रक आता गावाच्या ग्रुपवर फोटो काढून फिरतं.

त्यात लिहिलेलं असतं, ‘सोमवार रात्री १२ ते सकाळी ८’. आता ही कोणती रात्र? रविवार संपून सोमवार लागतो ती, की सोमवार संपून मंगळवार लागतो ती? कागदाच्या हिशोबाने एक, बोलण्याच्या हिशोबाने दुसरी. ज्याने चुकीचं धरलं तो थंडीत बॅटरी घेऊन रानात जातो, स्टार्टर दाबतो तर लाईट नाही. साप-विंचू, बिबट्याची भीती आणि वर रिकामा हेलपाटा. ज्या रात्री खरंच लाईट होती, त्या रात्री तो घरात झोपलेला. गव्हाचं पाणी आठवडाभर लांबलं.

हेच जर ‘सोमवार ००:०० ते ०८:००’ असं लिहिलं तर शंका उरत नाही. सोमवार सुरू होतो तिथपासून आठ तास, म्हणजे रविवारी रात्री जेवण करून जागं राहायचं. पाळी रात्री १० ते सकाळी ६ असेल तर ‘सोमवार २२:०० ते मंगळवार ०६:००’ असं दोन्ही वार घालून लिहावं. पाटाच्या पाण्याच्या पाळीलाही हेच लागू आहे. पाळी तासांवर वाटलेली असते, शेजारच्याचे तास संपले की आपले सुरू. तिथे एका रात्रीचा गैरसमज म्हणजे बांधावरचं भांडण.

तास मोजायलाही २४ चं घड्याळ सोपं पडतं. रात्री ९:४० ला मोटार चालू केली आणि पहाटे ५:१० ला बंद, किती तास चालली? २१:४० पासून २४:०० पर्यंत दोन तास वीस मिनिटं, त्यात ५:१० मिळवा. साडेसात तास. बोटं मोजायला नकोत.

मोटारीला टायमर किंवा मोबाईल स्टार्टर बसवणाऱ्यांनी जास्त लक्ष द्यावं. यंत्र २४ तासांच्या पद्धतीवर असेल आणि संध्याकाळी सहासाठी आपण ०६:०० टाकले, तर मोटार सकाळी सहाला चालू होईल. संध्याकाळसाठी १८:०० टाकायला हवेत. विहिरीत पाणी कमी असताना मोटार कोरडी चालली तर जळायला वेळ लागत नाही.

दुपारी बारा म्हणजे एएम की पीएम?

१२ तासांच्या घड्याळातला सगळ्यात मोठा घोळ बारालाच आहे. एएम म्हणजे मध्यान्हाच्या आधी आणि पीएम म्हणजे नंतर. मग बरोबर मध्यान्हाला, दुपारी बाराला काय म्हणायचं? ते ना आधी ना नंतर. शब्दाच्या अर्थाने बघितलं तर दोन्ही चूक.

तरी मोबाईलला आणि कॉम्प्युटरला काहीतरी एक धरावंच लागतं. चालू रीत अशी आहे: १२:०० पीएम म्हणजे दुपारचे बारा, १२:०० एएम म्हणजे मध्यरात्रीचे बारा. म्हणजे घड्याळात ११:५९ एएम नंतर १२:०० पीएम येतात आणि मग १:०० पीएम. अकरानंतर बारा, बारानंतर एक, पण एएमचं पीएम होतं ते बारालाच, एकला नाही. हे उलटसुलट असल्यामुळे चांगले चांगले चुकतात.

याचा फटका ऑनलाइन अर्जाला बसतो. ‘अर्जाची मुदत ३० तारखेला १२:०० एएम पर्यंत’ असं कुठे लिहिलं असेल तर ३० तारीख सुरू होतानाच मुदत संपली. ३० ला सकाळी सातबारा आणि आधार घेऊन सेवा केंद्रावर जाणाऱ्याचं काम होणार नाही. हाच गोंधळ टाळण्यासाठी आता पुष्कळ ठिकाणी मुदत ‘२३:५९ पर्यंत’ अशी लिहितात. २३:५९ म्हणजे त्या दिवसाचं शेवटचं मिनिट, त्यात दोन अर्थ निघत नाहीत. गाडीच्या विम्याच्या कागदावरही सुरुवात ००:०० पासून लिहिलेली दिसते ती याचसाठी. अपघात झाला तेव्हा विमा चालू होता की नाही, हे तिथे मिनिटावर ठरतं.

अलार्मचंही तसंच. बाजार समितीत पहाटेच्या लिलावाला माल न्यायचाय म्हणून साडेचारचा अलार्म लावला, पण पीएमवर लागला. पहाटे फोन गप्प. दुपारी साडेचारला तो वाजला तेव्हा टोमॅटोचे कॅरेट अजून घरीच. फोन २४ तासांवर असता तर ०४:३० आणि १६:३० यातला फरक डोळ्याला लगेच दिसला असता.

पोलीस, दवाखाना, एसटी

बातम्यांत वाचलं असेल, ‘दि. अमुक रोजी २१.३० वा. चे सुमारास’. पोलिसांच्या नोंदी २४ तासांत असतात. पंचनाम्यात नुसतं ‘साडेनऊ वाजता’ लिहिलं आणि सकाळ की रात्र हे राहिलं तर कोर्टात त्या एका शब्दावर वकील उलटतपासणी लांबवू शकतो. आरोपी त्या वेळी कुठे होता, यावर सगळी केस उभी असते.

दवाखान्यात भरती असलेल्या पेशंटच्या तक्त्यावर इंजेक्शनच्या वेळाही अशाच. दर आठ तासांनी द्यायचं इंजेक्शन ०६:००, १४:००, २२:०० असं लिहिलं की पाळी बदलून आलेल्या नर्सला विचारावं लागत नाही. इंजेक्शन एकदा जास्त झालं किंवा एकदा राहिलं, तर ते पेशंटच्या अंगावर येतं.

एसटीच्या अनेक स्थानकांतल्या फलकांवरही १३.४५, १७.३० अशाच वेळा रंगवलेल्या असतात. म्हातारी माणसं फलकाखाली उभी राहून चौकशीच्या खिडकीकडे का जातात, ते यावरून कळावं. अक्षर वाचता येतं, पण ‘१७.३०’ म्हणजे साडेपाच हे कुणी शिकवलेलं नसतं.

हे २४ तासांचं खूळ आलं कुठून?

दिवसाचे बारा आणि रात्रीचे बारा भाग करण्याची पद्धत फार जुनी, इजिप्तमधली. आपल्याकडे मात्र मोजणी वेगळी होती. अहोरात्राच्या ६० घटका, एक घटका २४ मिनिटांची. आठ प्रहर, एक प्रहर तीन तासांचा. लग्नाचा मुहूर्त धरायला पाण्यात घटिकापात्र सोडायचे. तळाला बारीक भोक असलेली वाटी पाण्यात भरून बुडाली की एक घटका झाली. ‘घटका भरली’ हा शब्द आपण अजून वापरतो. ‘आठौ प्रहर कामात’ असंही म्हणतो. म्हणजे आपलीही जुनी मोजणी अख्ख्या दिवसाची होती, अर्ध्या अर्ध्याची नव्हती.

२४ तासांचं घड्याळ कामात आलं ते रेल्वेमुळे. सँडफर्ड फ्लेमिंग नावाचे कॅनडातले एक रेल्वे इंजिनिअर होते. १८७६ साली आयर्लंडमध्ये त्यांची गाडी चुकली. वेळापत्रकात संध्याकाळचे पाच पस्तीस छापले होते, खरी गाडी पहाटेच्या पाच पस्तीसची होती. छापण्यात एएमचं पीएम झालं होतं. त्यांना रात्र स्टेशनवर काढावी लागली. म्हणजे वर सांगितलेली फसगत रेल्वेच्या इंजिनिअरलाही सुटली नाही. त्यानंतर त्यांनी २४ तासांच्या मोजणीसाठी आणि जगभर वेळेची एक पद्धत असावी यासाठी पुष्कळ खटपट केली. १८८४ मध्ये वॉशिंग्टनला देशोदेशीच्या प्रतिनिधींची परिषद भरली. तिथे ठरलेला जागतिक दिवस मध्यरात्री सुरू होणारा आणि शून्य ते चोवीस तासांत मोजायचा, असा होता. पुढे इटलीच्या रेल्वेने १८९३ मध्ये ही पद्धत घेतली.

लोकांनी मात्र ती सहज घेतली नाही. इंग्लंडमध्ये १९३४ साली बीबीसीने रेडिओच्या कार्यक्रमांच्या वेळा २४ तासांत द्यायला सुरुवात केली आणि काही महिन्यांत ते बंद करावं लागलं. तिथल्या रेल्वेच्या वेळापत्रकात ती पद्धत आली ती १९६४ मध्ये. अमेरिकेत आजही सामान्य माणूस १२ तासांतच बोलतो आणि २४ तासांच्या वेळेला ‘मिलिटरी टाइम’ म्हणतो.

आपल्या मुंबईनेही घड्याळावरून असाच हट्ट केला होता. १ जानेवारी १९०६ पासून देशासाठी एक प्रमाणवेळ आली, ग्रीनिचच्या पुढे साडेपाच तास. मुंबईची स्वतःची वेळ त्याहून ३९ मिनिटं मागे होती. मुंबईत ती जुनी वेळ बरीच वर्षं चालली, थेट १९५५ पर्यंत. रेल्वे एका वेळेवर आणि शहर दुसऱ्या, असं लोकांनी काढलं. घड्याळ हे आकाशातून पडलेलं नाही, माणसांनी आपसांत ठरवलेलं आहे, हे यातून दिसतं.

१२ वाल्यांचं म्हणणं

पारावरच्या मंडळींचा पहिला मुद्दा भाषेचा आहे आणि तो बिनतोड आहे. मराठीत वेळ सांगायला पाऊण, सव्वा, साडे, दीड, अडीच असे शब्द आहेत. साडेसात, सव्वाआठ, पावणेनऊ. आता २४ च्या घड्याळात ‘साडेएकोणीसला या’ असं कुणी म्हणेल का? ‘पावणेबावीसला जेवायला बसू’ म्हटलं तर बायको वैद्य बोलावेल. ही भाषा बाराच्या फेरीवर घडलेली आहे.

दुसरा मुद्दा, आपल्याला एएम-पीएमची गरजच नाही. पहाटे, सकाळी, दुपारी, दिवेलागणीला, संध्याकाळी, रात्री, असे शब्द आपल्याकडे आधीच आहेत आणि ते एएम-पीएमपेक्षा जास्त सांगतात. एएम म्हटलं की पहाटेचे तीनही आले आणि सकाळचे अकराही. ‘पहाटे चार’ म्हटलं की अंधार, दव आणि धारेची वेळ डोळ्यापुढे येते. डेअरीच्या पावतीवरही सकाळचं दूध आणि संध्याकाळचं दूध एवढ्यावर भागतं. लग्नपत्रिकेत ‘दुपारी १२ वा. ३५ मि.’ लिहिलं की कुणाची गफलत होत नाही.

तिसरा मुद्दा, काट्याचं घड्याळ. घरातल्या भिंतीवर बाराच आकडे आहेत. तेरा, चौदा त्यावर कुठे शोधायचे?

२४ वाल्यांचं म्हणणं

तरुण म्हणतात, बोलताना शब्द असतात, पण मशीनवर आणि कागदावर ते गळून पडतात. मेसेजमध्ये नुसतं ‘७ ला ये’ आलं तर सकाळचे की संध्याकाळचे, हे विचारायला परत फोन करावा लागतो. आणि आपले शब्दही अगदी ठाम नाहीत. दोन वाजताची वेळ कुणी रात्र म्हणतं, कुणी पहाट. सातला कुणी संध्याकाळ म्हणतं, कुणी रात्र. ‘शनिवारी मध्यरात्री अपघात’ अशी बातमी आली की ती शनिवार सुरू होतानाची मध्यरात्र की संपतानाची, हे वाचणाऱ्याला कळत नाही. ‘शनिवार ००:३०’ लिहिलं की विषय संपला.

शिवाय ज्याला रेल्वे, पोलीस, सैन्य किंवा नर्सिंगच्या नोकरीत जायचंय त्याला हे घड्याळ रोजच वापरायचं आहे. ते आधीपासून अंगवळणी पडलं तर वाईट काय?

मग करायचं काय?

वाद जिंकण्यापेक्षा कुठे कोणतं घड्याळ वापरायचं हे ठरवलं तर दोन्ही कामाची आहेत. तोंडाने बोलताना आपलं ‘संध्याकाळी साडेसात’ उत्तम. त्याला बदलायची गरज नाही. पण जिथे कागद, मशीन, पैसे किंवा रात्रीचा प्रश्न येतो, तिथे २४ तासांची वेळ लिहावी आणि वाचताही यावी.

मोबाईलवर हे बदलायला मिनिटही लागत नाही. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये ‘तारीख आणि वेळ’ शोधा. तिथे २४ तासांच्या फॉरमॅटचं बटण असतं, ते चालू करा. काही फोनमध्ये ‘फोनच्या भाषेप्रमाणे’ हे आधी बंद करावं लागतं. पटलं नाही तर त्याच बटणाने परत १२ वर येता येतं. आठ दिवस ठेवून बघितलं तर १७, १९, २१ हे आकडे आपोआप डोळ्यात बसतात. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या फोनमध्ये मात्र न विचारता बदल करू नये. त्यांना गोळ्यांची वेळ बघायची असते, त्यात गोंधळ नको.

काट्याच्या घड्याळावर १ ते १२ च्या बाजूला बारीक अक्षरात १३ ते २४ लिहून ठेवलं तरी पोरं आणि म्हातारे दोघांचंही काम होतं.

एवढं लक्षात ठेवा

तिकिटावर ००, ०१, ०२ किंवा ०३ ने सुरू होणारी वेळ दिसली तर स्टेशनवर जायचं ते छापलेल्या तारखेच्या आदल्या रात्री. १५ तारीख ००:२० म्हणजे १४ ला रात्रीचं जेवण करून निघायचं.

रात्रीची वेळ कुणालाही सांगताना दोन वार सांगा. ‘शुक्रवारी रात्री एकला’ असं म्हणण्याऐवजी ‘शुक्रवार संपून शनिवार लागतो त्या रात्री एकला’ म्हणा. शब्द चार जास्त लागतील, पण हेलपाटा वाचेल.

मुदतीच्या कागदावर बारा वाजता असं लिहिलं असेल तर दुपारचे की रात्रीचे हे विचारून घ्या. विचारायला कुणी नसेल तर एक दिवस आधीच काम उरकून टाका.

लाईटच्या किंवा पाण्याच्या पाळीचा फोटो ग्रुपवर टाकणाऱ्याने खाली एक ओळ लिहावी: ‘आज रात्री जेवल्यावर’ की ‘उद्या रात्री जेवल्यावर’. आपल्याकडे याहून पक्कं घड्याळ नाही.

आणि घरात कुणाचं मध्यरात्रीनंतरच्या गाडीचं तिकीट असेल, तर ते आजच एकदा काढून तारीख बघा. उद्या बघायला उशीर झालेला असू शकतो.